विहिरींचा करार

नागाव, ता. १८ नोव्हेंबर १९५६

चि. बापूभावजी यांस अनेक आशीर्वाद.

इंजिन सुखरूप पोचलं. रेवसला लाँचमधून उतरवताना एक फळी मोडली म्हणे, पण इंजिनाला खरचटलंसुद्धा नाही. बैलगाडीमागून सगळी आळी चालत आली, एखाद्या घरी नवी नवरी यावी तशी. तुम्ही इंजिन चालवायला पाठवलेला उरणचा रघू चांगला माणूस दिसतो. अंगणातच धोतर खोचून कामाला लागला आणि तिसऱ्या दिवशी पट्टा चढवून इंजिन सुरू केलंन.

भावजी, काय सांगू! पाण्याचा असा लोंढा मी कधी पाहिला नव्हता. रहाटाने शिंपण करायचं म्हणजे सकाळ जायची आणि तरी मागच्या कुंपणापाशी असलेल्या पोफळी कोरड्या राहायच्या. आता जेवणाआधी शेवटच्या आळ्यात पाणी. तुमचे दादा असते तर इंजिनापाशीच पाट मांडून बसले असते. मी या घरात आले तेव्हा तुम्ही माझ्या कमरेएवढे होता आणि त्याच विहिरीत पोहायला शिकलात. आज तुम्ही स्वतःच्या मिळकतीतून हे घेऊन पाठवलंत. फार बरं वाटलं.

शेजारचे भाऊ राऊत पाहायला आले होते. त्यांची वाडी आपल्या खालच्या अंगाला, समुद्राकडे. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, हे दिवसभर चालवणार का?" मी म्हटलं, गरजेपुरतं. त्यावर ते आपल्या वाडीकडे वळले. त्यांच्या अनुसूयाबाईंनी मात्र इंजिनाला हळदकुंकू वाहिलं.

प्रकृतीस जपावे. खाणावळीचं तिखट सोसत नसेल तर कळवा, मेतकूट पाठवते.

तुमची वहिनी
आनंदी


मुंबई, ता. २ डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप वहिनींस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात दोघा-तिघांना दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, कोकणातल्या बाईने असं लिहिलंय हे पाहूनच समाधान झालं.

आता माझं ऐका. गरजेपुरतं चालवायला इंजिन घेतलेलं नाही. वरच्या अंगाची जमीन वर्षानुवर्षं गवताला ठेवली आहे, तिथे केळी लावायच्या. भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याशी बोललो आहे, माल लाँचने रोज येऊ शकतो. रघूला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. तो सकाळ-संध्याकाळ इंजिन चालवील, तुम्ही त्याची काळजी करू नका. उताऱ्यावर नाव माझं असलं तरी वाडी तुमचीच आहे. तुम्हाला उन्हातान्हात बैलांमागे फिरावं लागू नये, एवढाच माझा हेतू.

आळीत आणखी कोणाला इंजिन हवं असेल तर माझा पत्ता द्या. भाऊंनाही द्या. रहाट किती दिवस फिरवणार?

आपला
बापू


नागाव, ता. ९ मार्च १९५८

चि. बापूभावजी यांस अनेक आशीर्वाद.

गेल्या पत्रांतून केळीची खुशाली लिहीत आले. आज लिहायचं ते निराळं आहे. दोनदा कागद घेतला आणि ठेवून दिला.

भाऊंची विहीर मचूळ झाली.

दिवाळीनंतरच त्यांना संशय होता, पण बोलले नाहीत. आता पोफळींचे शेंडे पिवळे पडले आणि सुपाऱ्या कोवळ्याच गळू लागल्या. आगरी पाड्यावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याच विहिरीवर पाण्याला येत. परवा ठमाबाई हंडा घेऊन आपल्या दारात उभी. म्हणाली, "बाय, त्या विहिरीचं पानी तोंडात धरवत न्हाय. आमची पोरं काय पिनार?" मी तिला आपल्या विहिरीवर घेतलं. आता सगळा पाडा आपल्याकडे येतो.

भाऊंना मी स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं, की आपल्या किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं धरलेलं असतं. रहाट हळूहळू घेई आणि पाऊस पुन्हा भरून देई. इंजिन साय ओरबाडून काढतं, मग खालचं वर येतं. समुद्राकडची विहीर पहिली जाते, मग तिच्यामागची. त्यांच्यामागची आपली आहे, भावजी.

आळीत आता पाच इंजिनं झाली. सगळी दिवसभर चालतात. लोक म्हणतात, पाचही तुमच्याच ओळखीने आली. अनुसूयाबाई संक्रांतीला वाण द्यायला आल्या नाहीत. मी गेले, तर दार लोटून घेतलं होतं.

रघूला मी म्हटलं, दिवसाआड चालव. तो म्हणाला, "मालकांचं पत्र हाय बाई, मी काय करू?" तुम्ही त्याला एक ओळ लिहा, एवढंच मागणं आहे.

तुमची वहिनी
आनंदी


मुंबई, ता. १६ मार्च १९५८

तीर्थस्वरूप वहिनींस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फार हळव्या आहात आणि भाऊंना ते ठाऊक आहे. त्यांची विहीर खारी झाली कारण खाडीकडचा बांध दोन पावसाळे फुटका आहे आणि कोणी डागडुजी करत नाही. आमच्या इंजिनाचा त्याच्याशी संबंध काय? सायीची गोष्ट ऐकायला छान आहे. पण भाऊंनी इंजिन घेतलं नाही, आपण घेतलं, आपल्या केळी मुंबईला जातात, हे त्यांना बघवत नाही.

तरी तुमची भीती जावी म्हणून उपाय सांगतो. विहीर आणखी दोन पुरुष, दहा-बारा फूट, खाली खणून घ्या. पाणी कमी पडतं ते विहीर उथळ म्हणून. खोल गेलं की झरे मोठे लागतात, हे आमच्या ऑफिसातला इंजिनियर सांगतो. रघू माणसं जमवील. चैत्र संपायच्या आत काम झालं पाहिजे. मेमध्ये मला वाडी हिरवीगार हवी आहे. कारण सवडीने लिहीन.

रघूला मी इंजिन थांबवायला लिहिणार नाही. तुम्हीही त्याच्या कामात पडू नका, ही विनंती.

आपला
बापू


नागाव, ता. २७ एप्रिल १९५८

चि. बापूभावजी यांस अनेक आशीर्वाद.

तुमच्या सांगण्याप्रमाणे विहीर खणली. भाऊ कुंपणाशी येऊन हात जोडून म्हणाले, "वहिनी, हे करू नका." मी ऐकलं नाही, कारण तुमचा शब्द होता.

पहिले काही दिवस पाणी मुबलक आलं. रघूने नारळ फोडला. मग एक दिवस आमटीची डाळ शिजेना. लाकडं वाढवली तरी दाणे टणक. मी विहिरीवर जाऊन ओंजळीतलं पाणी चाखलं. भावजी, समुद्रच तो. ठमाबाई शेजारी होती, तिने हंडा पालथा केला आणि निघून गेली. आता पाड्यावरच्या बायका देवळाजवळच्या विहिरीपर्यंत जातात आणि आपल्या घरचं पाणीही मी तिथूनच आणवते.

म्हणून आम्ही एक ठरवलं आहे. रामनवमी झाल्यावर देवळात आळीतले सगळे विहीरमालक बसले. पाड्यातून ठमाबाईला मी आग्रहाने बोलावलं, कारण त्यांच्याकडे विहीर नसली तरी तहान आहे. पुष्कळ आरडाओरडा झाला. एकजण म्हणाला, माझी जमीन, माझी विहीर, माझं पाणी. भाऊ म्हणाले, "जमिनीवर कुंपण घालता येतं. खाली कुठे आहे कुंपण?" शेवटी नागाव विहीर मंडळ करायचं ठरलं. इंजिनं दिवसाआड, पाळीने. होळीनंतर दुपारी सर्व बंद. यापुढे कोणी विहीर खोल करायची नाही. दर महिन्याला प्रत्येक विहिरीचं पाणी सगळ्यांसमोर चाखायचं आणि जिचं बिघडेल तिच्या आसपासची इंजिनं थांबवायची. पाच जणांनी बघायचं, त्यांत मला घेतलंय.

मामलेदारसाहेब म्हणाले, सर्व मालकांच्या सह्या असतील तर करार पक्का करून देतो, एकही राहिली तर उपयोग नाही. बाकी सर्वांच्या झाल्या. ज्यांनी सर्वांत मोठ्याने विरोध केला त्यांचीही झाली, म्हणाले, "बापूची आली की माझी धरा." आपल्या घरची सही मी करू शकत नाही. उताऱ्यावर नाव तुमचं आहे.

कागद सोबत आहे. सही करून उलट टपाली पाठवा. पाऊस यायला अजून अवकाश आहे आणि रघू रोज तेच खारं पाणी झाडांना पाजतो आहे. मला पाहवत नाही.

तुमची वहिनी
आनंदी


मुंबई, ता. २ मे १९५८

तीर्थस्वरूप वहिनींस शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. सही करत नाही. कारण आता लिहितो.

गेल्या वर्षीपासून ऑफिसने मला अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतची इंजिनविक्रीची एजन्सी दिली आहे. आळीतली इंजिनं मीच विकली. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण तुम्हाला संकोच वाटेल म्हणून बोललो नाही. पुढच्या रविवारी, ता. ११ला, आमचे साहेब आक्षी, चौल, रेवदंडा इथले बागायतदार घेऊन आपली वाडी पाहायला येणार आहेत. मी बरोबर असेन. इंजिन चालू पाहिजे आणि पाट भरलेले पाहिजेत. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका दिवसावर आहे. आणि नेमकं तेव्हाच माझ्याच घराने, माझ्याच सहीने, इंजिनं बंद ठेवण्याचा करार करायचा?

तो दिवस होऊ द्या, मग बोलू. पाणी थोडं खारट असलं तरी बघणाऱ्याला दिसत नाही.

तोवर मंडळाच्या सभेला जाऊ नका. मालक मी आहे, हे मला लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

आपला
बापू


मुंबई, ता. १३ मे १९५८

वहिनींस नमस्कार.

काय लिहू? वीस-पंचवीस माणसं घेऊन साहेब अंगणात आले, आणि इंजिन मेलेलं. पट्टा जमिनीवर, दोन तुकडे. कोणीतरी कोयत्याने सरळ कापलेला. रघू रडकुंडीला आला होता. लोक एकमेकांकडे बघून हसले. साहेब माझ्याकडे पाठ फिरवून मोटारीत जाऊन बसले. तुम्ही माजघराच्या दारात उभ्या होतात. तुमच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही, तसाच परतलो.

हे कोणी केलं ते मला शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. अलिबागेत उतरून फौजदारांकडे भाऊ राऊताचं नाव देऊन आलो आहे. कुंपणाशी येऊन त्याने आधीच धमकावलं होतं, हे तुमच्याच पत्रात आहे. आता चौकीवर बसून सांगू दे त्याला सायीची गोष्ट.

नवा पट्टा पाठवतो आहे. चढवायला रघूला मदत करा.

बापू


नागाव, ता. १७ मे १९५८

चि. बापूभावजी यांस,

पट्टा मी कापला.

रविवारी पहाटे रघू ओढ्याकडे गेला तेव्हा. नारळ सोलायच्या कोयत्याने. जाड होता, हात सोलवटला. मी भाऊंना विचारलं नव्हतं, कोणालाच विचारलं नव्हतं. ती माणसं आली असती, भरलेले पाट बघून गेली असती आणि घरी जाऊन इंजिन घेतलं असतं. कोणी ओंजळभर पाणी चाखलं नसतं. तुम्हीच लिहिलंत, खारट असलं तरी दिसत नाही. मग मला दुसरं काही सुचलं नाही.

तुम्ही माझ्याकडे न बघता गेलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं. म्हणून मी काही लिहिलं नाही. तुम्ही भाऊंचं नाव द्याल हे माझ्या मनातही आलं नाही.

बुधवारी शिपाई आले. भाऊ जेवायला बसले होते, ताटावरून उठवलं. अनुसूयाबाई रस्त्यापर्यंत धावल्या. आपल्या अंगणाकडे वळून त्यांनी काय म्हटलं ते मी लिहीत नाही. मी तशीच लुगड्याला हात पुसून निघाले. मोटार मिळाली नाही, चालत गेले, ठमाबाई सोबतीला होती. चौकीत भाऊ बाकावर बसलेले, मान खाली. मी फौजदारांना म्हटलं, "पट्टा मी कापला. इंजिन आमच्या घरचं, कोयता आमच्या घरचा. यांना घरी जाऊ द्या." त्यांना पटेना. म्हणाले, "बाई, कोणाला वाचवायला सांगता?" मग हात दाखवला.

त्यांनी विचारलं, फिर्यादी तुमचा कोण? मी म्हटलं, दीर आहे, मुलासारखा.

भाऊंना सोडलं. तेवढी सगळी वाट आम्ही एकाच रस्त्याने परत आलो. ते पुढे, आम्ही दोघी मागे. भाऊंनी वळून पाहिलं नाही.

नवा पट्टा आला आहे. रघूला मी कोठीची किल्ली देणार नाही. तुम्ही मालक आहात, येऊन घेऊन जा. मला या घरातून जा म्हणालात तर जाईन, पण सही करा. माझ्यासाठी नको. पाड्यावरच्या बायकांना आता देवळाजवळच्या विहिरीवरही रांग लावावी लागते.

आनंदी


मुंबई, ता. ६ जुलै १९५८

तीर्थस्वरूप वहिनींस शि. सा. न. वि. वि.

सही केलेला कागद सोबत आहे. लिहायला एवढे दिवस लागले, कारण रोज एक पत्र लिहायचो आणि फाडायचो.

एक गोष्ट मी त्या रागाच्या पत्रात लिहिली नव्हती. त्या रविवारी मोटारीत बसण्याआधी साहेबांनी पाणी मागितलं. रघूने भांबावून घरात न विचारता विहिरीचं शेंदून दिलं. साहेबांनी एक घोट घेतला आणि माझ्या पायांपाशी थुंकला. म्हणाले, "हे तुझ्या घरचं पाणी?" मी हो म्हटलं. अलिबागेपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या थुंकण्याचा राग कोणावर काढायचा ते कळेना आणि फौजदारांपुढे भाऊंचं नाव तोंडातून गेलं. भाऊंनी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, वहिनी.

एजन्सी गेली. मीच सोडली असं लिहिलं असतं, पण ते खरं नाही. साहेबांनी काढून घेतली. आता मी सुट्या भागांच्या गोदामात आहे. नोकरी टिकली हेच पुष्कळ.

रघूला उरणला परत जायला लिहिलं आहे. विहिरीचा तळ बुजवता येतो का ते मंडळाला विचारा. भाऊंना मी क्षमेचं पत्र पाठवलं आहे. उत्तर येईल असं वाटत नाही. नागावला यायला तोंड नाही, म्हणून येत नाही.

तुम्ही घरातून जाण्याचं लिहिलंत ते वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही.

आपला
बापू


नागाव, ता. १० एप्रिल १९६०

चि. बापूभावजी यांस अनेक आशीर्वाद.

तुमची पत्रं येतात, मेतकुटाचा डबा रिकामा परत येतो, पण तुम्ही येत नाही. दोन वर्षं होत आली. आज मोठं पत्र लिहिते, कारण काल घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मंडळ चाललं आहे. भांडणं पुष्कळ होतात. खणलेला तळ आपण चिखल आणि दगड घालून बुजवला, तरी आपली विहीर अजून मचूळच आहे. केळी गेल्या, निम्म्या पोफळीही गेल्या. माड तगले. भाऊंचं पाणी मात्र गेल्या पावसाळ्यानंतर सुधारलं. कार्तिकात देवळात सगळ्यांसमोर चाखलं तेव्हा ठमाबाई म्हणाली, "आता हाय बरं," आणि पाडा पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागला.

पाणी सुधारलं तसं भाऊंनी पोफळीची नवी रोपं लावली आणि जुनं एक इंजिन घेतलं. नियमाने चालवलं तर आमची हरकत नव्हती. काल बंदीचा दिवस होता. ऊन असं, की रोपांची पानं करपत होती. दुपारी ठमाबाई आली. "बाय, भाऊचा इंजिन चाललंय. आज बंद न्हाय का?"

मंडळात या वर्षी अध्यक्ष मी आहे. दुसऱ्या कोणाला पाठवावं असं मनात आलं. चौकीच्या दिवसापासून मी त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. सभेत भाऊ माझ्याकडे न बघता बोलत, अनुसूयाबाई वाटेत दिसल्या तर पदर सावरून बाजूने जात. पण दुसरं कोणी गेलं असतं तर म्हणाले असते, आनंदीबाई घाबरली. मग गेले.

भाऊ पाट वळवत होते. मला बघून कुदळ टाकली. मी म्हटलं, "भाऊ, आज बंद आहे."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तुमच्या इंजिनाने माझी बाग मारली, तेव्हा नव्हती बंदी? मला जेवणावरून उठवून नेलं, तेव्हा कुठे होता तुमचा करार? आणि आता चार रोपं जगवतोय तर तुम्ही दारात उभ्या!"

ते म्हणाले ते सगळं झालं होतं. मी तिथेच उभी राहिले. परत फिरले असते तर मंडळ तिथेच संपलं असतं, आणि पुढे बोलले असते तर कुठल्या तोंडाने? इंजिनाच्या आवाजात ते आणखी काय काय बोलले ते ऐकूही आलं नाही.

तेवढ्यात आवाज थांबला. बघते तो अनुसूयाबाई इंजिनापाशी. त्यांनीच बंद केलं होतं.

भाऊ ओरडले, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "यांनी स्वतःच्या घरचा पट्टा कापल्याचं चौकीत सांगितलं, त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, बाई खरी निघाली. आज तुम्ही खोटे निघू नका."

भाऊंनी कुदळ उचलली आणि पाटाच्या तोंडाशी माती ओढू लागले. मी निघाले. अंगणाच्या कडेला पोचले असेन, मागून अनुसूयाबाईंची हाक आली. त्या दार पुरतं उघडून उभ्या होत्या.

"उन्हातून आल्यात," म्हणाल्या. "आत या."

मी गेले. चहा झाला. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, एवढं कळलं. निघताना भाऊ ओटीवर पाय धुवत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बापूला लिहा. म्हणावं, पत्र मिळालं होतं. आणि तोंड लपवून किती वर्षं राहणार आहे, तेही विचारा."

त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे, भावजी. पुढचं तुम्ही ठरवा. रेवसची लाँच सकाळची आहे.

तुमची वहिनी
आनंदी